मदत हवी आहे: मऊ नॅनोजेलचा कडकपणा एएफएमवर मोजताना आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी. पीनायपॅमचे (तापवल्यावर आकसणारं पॉलिमर) नॅनोजेल, म्हणजे पाण्याने फुगलेले जाळीदार सूक्ष्म कण, बनवलेत; साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर बिस-अ‍ॅक्रिलअमाइड. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार काढण्याची पद्धत) २५ अंशांना व्यास साधारण ४०० नॅनोमीटर, ४० अंशांना १९०. ३२ अंशांच्या आसपास कण पाणी सोडून आकसतात, त्यामुळे इथवर ठीक. (आधी ४० अंशांना १४० येत होता. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं, सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) २५ अंशांचीच राहिली होती!)

घोडं अडलंय ते एएफएमवर, म्हणजे लवचिक पट्टीच्या (कँटिलिव्हर) टोकावरच्या सूक्ष्म सुईने (टीप) कण चाचपणाऱ्या मायक्रोस्कोपवर. अभ्रकावर थेंब सुकवला तर कण तव्यावरच्या धिरड्यासारखे पसरतात, रुंदी ५०० आणि उंची जेमतेम ४०. म्हणून पाण्यातच मोजायला घेतलं. २५ अंशांना उंची २५० मिळते. पण टीप दाबली की हर्ट्झ मॉडेल (दाबाच्या बळावरून कडकपणा काढायचं सूत्र) पहिल्या २०-२५ नॅनोमीटरपर्यंतच बसतं, पुढे बळाचा वक्र झपकन वर चढतो. फिट कुठे थांबवतो त्यावर त्याच कणाचा यंग मोड्युलस (कडकपणाचं माप) ३० ते १५० किलोपास्कल! गाईडना कोणता आकडा दाखवू?

हा खालच्या अभ्रकाचा परिणाम समजायचा, की कण बनताना बिस आधी संपल्यामुळे गाभाच घट्ट झालाय त्याचा? दोन्ही वेगळे कसे काढता? टोकदार टीपेऐवजी गोल टोकाची घेऊ का? कण धरून ठेवायला अभ्रकावर पॉलिएथिलीनइमाइन (धनभारित पॉलिमर) लावलंय, त्यानेच ते चपटे होत असतील का?

शिवाय ४० अंशांना कँटिलिव्हर इतका सरकतो की बेसलाइन (बळ शून्य असतानाची रेषा) हातीच लागत नाही. तापवल्यावर किती वेळ थांबता?