पोलो, मेस आणि बढतीची रांग: 1919 ते 1939 मधला ब्रिटिश लष्करी अधिकारी खरंच हौशी होता का?

देवळालीकर

1940 मध्ये ब्रिटिश फौज जर्मनांपुढे हार खाऊन फ्रान्समधल्या डंकर्कहून परतली, त्याचं खापर सर्रास आधीच्या वीस वर्षांतल्या अधिकाऱ्यांवर फोडलं जातं. सकाळी परेड, दुपारी पोलो, रात्री मेसमध्ये दारू, मग लढणार कसे? मला हे पटत नाही. अधिकारी काम करत होते, पण त्यांच्या हातात काम करण्याजोगं फार थोडं दिलं होतं.

पुढची दहा वर्षं मोठं युद्ध होणार नाही असं गृहीत धरूनच खर्च आखायचा, हे 1919 मध्ये ठरलं आणि ते 1932 पर्यंत चाललं. 1922 मध्ये काटछाट झाली, रेजिमेंटा मोडल्या. एकोणिसाव्या शतकातले युद्धमंत्री कार्डवेल यांच्या जुन्या पद्धतीनुसार रेजिमेंटची एक बटालियन परदेशात आणि एक मायदेशी. परदेशातली भरलेली ठेवायची म्हणून मायदेशातल्या बटालियनमधून दर हंगामात तयार शिपाई काढून हिंदुस्थानात पाठवायचे. मागे उरायचे नवशिके. हिवाळ्यात एकेका शिपायाचं प्रशिक्षण, वसंतात प्लाटून आणि कंपनी, मग बटालियन, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मोठ्या कवायती, असं वेळापत्रक चोख होतं. पण कवायतीत गैरहजर प्लाटूनच्या जागी झेंडा रोवलेला आणि मशीनगनच्या जागी लाकडी खुळखुळा. असल्या सरावातून कंपनी कमांडरने गोळीबार आणि हालचाल यांचा मेळ कसा शिकायचा?

कवायत मैदान

असहमत. पैसा नव्हता हे खरं, पण संस्कृतीचा दोष तुम्ही सरळ वगळलात.

सेकंड लेफ्टनंटचा पगार दिवसाला दहा शिलिंगच्या आसपास, म्हणजे वर्षाला साधारण 180 पौंड. त्यातून मेसचं बिल, मेस ड्रेस, नाना वर्गण्या. घोडदळात वर पोलोची तट्टं. घरून पैसे आल्याशिवाय भागतच नसे. कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचं पद, विकत घेण्याची पद्धत 1871 मध्ये गेली, पण गरिबाला बाहेर ठेवायचं काम आता मेसचं बिल करत होतं. तिशी गाठेपर्यंत लग्नाचा भत्ता नाही, त्यामुळे तरुण अधिकारी मेसमध्येच राही आणि तिथल्याच मतांवर वाढे. कँबर्लीच्या स्टाफ कॉलेजातसुद्धा शिकारी कुत्र्यांचा स्वतंत्र ताफा होता. पहिल्या महायुद्धातून काय शिकायचं, हे तपासायला कर्क समिती नेमली ती 1932 मध्ये! युद्ध संपून चौदा वर्षं झाल्यावर. त्याला तिजोरी कशी जबाबदार?

खैबरपार

दोघेही इंग्लंडमध्येच अडकलात. यातले पुष्कळ अधिकारी वायव्य सरहद्दीवर खऱ्या गोळ्या खात होते.

वझिरीस्तानात दरीतून जायचं तर दोन्ही बाजूंची टेकाडं आधी धरावी लागत. आघाडीबरोबरचा अधिकारी टेकाड नेमून देतो आणि एक तुकडी वर चढते. खालून मशीनगन आणि 3.7 इंची डोंगरी तोफा माथ्यावर मारा धरतात. ही तोफ सुटी करून आठ खेचरांवर जायची. वर पोचलं की लगेच दगडांचा आडोसा रचायचा. कॉलमची शेपूट पुढे सरकली की खालून इशारा आणि पिकेट, म्हणजे माथ्यावर पहारा धरलेली ती तुकडी, उतरते. माणसं जातात ती याच वेळी. माथा रिकामा झाला की पठाण काही मिनिटांत तिथे पोचतो आणि उतरणाऱ्यांच्या पाठी त्याला उघड्या मिळतात. म्हणून सगळ्यांनी एकदम उठायचं नाही. बहुतेकांनी गुपचूप मागे सरकायचं, दोन-चार जणांनी शेवटपर्यंत बंदूक धरून बसायचं, मग एका दमात खाली. जखमी माणूस मागे सोडायचा नाही, त्यामुळे एका जखमीपायी अख्खी तुकडी पुन्हा चढाईला लागे. रोज त्याच वेळी तेच टेकाड धरलं तर पठाण रात्रीच तिथे दबा धरून बसे.

हे शिकलेला लेफ्टनंट हौशी? 1935 च्या मोहमंद मोहिमेत एका ब्रिगेडवर ऑकिनलेक होते, दुसरीवर अलेक्झांडर. दोघेही दुसऱ्या महायुद्धातले मोठे सेनापती, पुढे त्यांनी काय केलं ते सांगायला नको.

कवायत मैदान

पिकेट लावणारा प्लाटून कमांडर तयार होतो, हे मान्य. पण समोर तोफखाना नाही, विमान नाही, रणगाडा नाही. 1927 मध्ये सॅलिसबरीच्या माळावर रणगाडे, मोटारवरचं पायदळ आणि गाडीने ओढायच्या तोफा एकत्र करून प्रायोगिक दल उभं केलं. लवकरच ते मोडलं. बहुतेक घोडदळाच्या रेजिमेंटा घोड्यांवरून उतरल्या त्या 1936 नंतर. सरहद्दीच्या अनुभवाने या जुन्या पद्धतीने लढण्याच्या सवयीला उलट बळ दिलं.

दप्तरदार

हिंदी अधिकाऱ्यांशिवाय ही चर्चा अर्धीच राहील. 1923 मध्ये आठ पलटणी ‘हिंदीकरणा’साठी, म्हणजे ब्रिटिशांच्या जागी हळूहळू हिंदी अधिकारी नेमण्यासाठी, वेगळ्या काढल्या. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी रॉयल बटालियन त्यातलीच. कोल्हापूरकडचे शं. पां. थोरात 1926 मध्ये इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातून निघाले आणि अशाच 1/14 पंजाबमध्ये (चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली बटालियन) गेले. हिंदी अधिकारी ठरावीक पलटणींतच ठेवले, तर ब्रिटिशाला हिंदी वरिष्ठाचा हुकूम मानायची वेळच येत नाही. व्यवस्थेचा हेतू तोच होता. देहरादूनच्या लष्करी अकादमीची पहिली तुकडी डिसेंबर 1934 मध्ये बाहेर पडली. तिच्यातल्या मुलांना या पलटणींत जमादार-सुभेदारांच्या जागी प्लाटूनवर बसवलं. तेवढ्याच नोकरीचा ब्रिटिश अधिकारी दुसऱ्या पलटणीत कंपनी चालवे. तेव्हा ‘माणसं चांगली, रचना वाईट’ म्हणताना ही रचना कोणाच्या सोयीची होती तेही लिहा.

देवळालीकर

दप्तरदार, तुमचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता, चूक माझी. आणि मेसच्या बिलाचं म्हणणंही पटतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात सेनापती झालेल्या, बर्मिंगहॅमच्या साध्या घरातल्या स्लिमना ब्रिटिश रेजिमेंट परवडण्यासारखी नव्हती, म्हणून ते हिंदी सैन्यात गुरख्यांकडे आले आणि ‘अँथनी मिल्स’ नावाने कथा लिहून संसाराला हातभार लावत राहिले.

पण बढतीवरून मी मागे हटणार नाही. 1914-18 मध्ये भरती झालेले शेकडो अधिकारी एकाच वयाचे. रेजिमेंटमध्ये वरची जागा रिकामी झाली तरच खालचा सरकणार. स्लिमना बटालियन मिळाली 1938 मध्ये, सत्तेचाळिशीच्या उंबरठ्यावर. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले माँटगोमेरी पुण्यात बटालियन घेऊन आले तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. आठ वर्षांनी कॅप्टन आणि सतरा वर्षांनी मेजर हा नियम युद्धमंत्री हॉर-बेलिशांनी आणला तोही 1938 मध्ये. पस्तिशीतला, डोकं चालणारा लेफ्टनंट तोवर शुक्रवारच्या पगार परेडला पैसे मोजत होता, कमी पडले तर खिशातून भरत होता, आणि स्वयंपाकघरात जाऊन जेवणाबद्दल कुणाची तक्रार आहे का विचारत होता.

कवायत मैदान

आणि त्यातले किती जण राजीनामा देऊन गेले, ते का गेले, याचा शोध घेतला तर तुमचं म्हणणं सिद्ध होईल. तोवर मी संस्कृतीच्या बाजूने.