लिननला ताग म्हणायचं का?

लेखणी: मुलांच्या एका पुस्तकाचं भाषांतर करते आहे, विषय प्राचीन इजिप्तचे कपडे आणि दागिने. अडले आहे ते इजिप्तमधल्या तर्खान इथे सापडलेल्या अंगरख्यावर. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननात १९१३ साली जुन्या कापडांचा एक मळका ढीग मिळाला. तो तसाच पडून राहिला आणि १९७७ साली लंडनमध्ये साफ करताना त्यातून हा निघाला. कार्बन कालमापनानुसार तो इ. स. पू. ३४८२ ते ३१०२ या काळातला. बाह्यांना आणि खांद्याला बारीक निऱ्या. सापडला तेव्हा उलटा होता, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा, आणि कोपराशी, काखेत वापराच्या सुरकुत्या तशाच होत्या. मी लिहिलं 'तागाचा अंगरखा'. संपादकांनी ताग खोडून 'लिनन' केलं. मी तर लहानपणापासून लिनन म्हणजे ताग असंच वाचत आले आहे. कुणाचं बरोबर?

बांधावरून: संपादकांचं. आमच्याकडे ताग पेरतात तो हिरवळीच्या खतासाठी, फुलावर आला की नांगरून गाडायचा. बाजारात ताग म्हणजे ज्यूट, गोणपाट-सुतळीचा. लिनन होतं जवसापासून, म्हणजे अळशी. तिन्ही झाडं वेगळी. 'तागाचा अंगरखा' वाचून आमच्या गावचं पोर म्हणेल की इजिप्तचे लोक पोती घालत होते. तिथलं कापड इतकं तलम असे की चित्रांत त्यातून अंग दिसतं.

पहाटतारा: पोतं कसं म्हणता? मराठी बायबलमध्ये लिननला तागच आहे. फारो राजा योसेफाला तागाची तलम वस्त्रं घालतो, आणि तो प्रसंग इजिप्तमधलाच. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या हे वाचलं जातं, कुणाच्या डोळ्यांपुढे गोणपाट येत नाही. 'तलम ताग' हा आमच्यासाठी जिवंत शब्द आहे. झाडाचं नाव चुकलं असेल, शब्द चुकलेला नाही.

अमरकोश: मुळात आपल्याकडे शब्द असताना उसना कशाला? अमरकोशातच आहे, 'अतसी स्यादुमा क्षुमा'. क्षुमा म्हणजे जवस, तिच्यापासूनचं ते क्षौम. 'क्षौम अंगरखा' लिहा.

बांधावरून: आणि खाली कंसात अर्थ द्या! दहा वर्षांच्या मुलाला क्षौम? दुकानात सगळे लिननचा शर्ट मागतात. तो शब्द आता मराठीच आहे.

वऱ्हाडी ठेचा: जवस म्हटलं की मला चटणीच आठवते. पण एक सांगते. माझे आजोबा अंबाडीच्या पेंढ्या नाल्यात दगडाखाली दाबून ठेवत. आठवड्याने तो वास घरापर्यंत यायचा. मग सोलून वाख, म्हणजे सालीचे धागे, काढायचा, मांडीवर दोर वळायचे. इजिप्तमध्ये जवसाचंही हेच करत. झाड कापत नसत, मुळासकट उपटत. कोवळं, हिरवं असताना उपटलं तर मऊ तलम सूत, जून झालं की जाड सूत आणि दोर. म्हणून 'जवसाच्या वाखाचं कापड' म्हणा. वाख हा शब्द मुलांना कळू दे की.

लेखणी: वाख फार आवडला. पण प्रत्येक वेळी तीन शब्द कसे लिहू? पुस्तकात लिनन चाळीसेक वेळा येतं.

काठपदर: मला वेगळंच खटकलं. अंगरख्याला निऱ्या कशा? निऱ्या नेसूच्या असतात, शिवलेल्या कपड्याला चुण्या. शिवलेलं आपण घालतो, गुंडाळलेलं नेसतो. पुरुषांचं कमरेचं वस्त्र नेसायचंच, त्याला 'घातलं' लिहू नका. आणि झालर नको, 'दशा' लिहा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की तिथले लोक पायाशी दशा असलेला लिननचा अंगरखा घालत, त्याला कलासिरिस म्हणत, आणि लोकरीचं वस्त्र देवळात नेत नसत. आपलं सोवळं आठवलं.

बांधावरून: मग लंगोटाचं काय? तूतनखामेन राजाच्या थडग्यात शंभराहून जास्त निघाले. तिकोनी कापड, दोन टोकं कमरेला बांधायची, तिसरं पायांतून पुढे घ्यायचं. लंगोट आपण नेसतो की बांधतो?

काठपदर: लावतो! आमच्या तालमीत लंगोट लावतात.

अमरकोश: 'कसणे' जुनं आणि शुद्ध.

पहाटतारा: लेखणीताई, डोळ्यांच्या काळ्या रेघेला काय लिहिलंय?

लेखणी: काजळ.

पहाटतारा: ते मात्र बदला. काजळ दिव्याच्या काजळीचं. त्यांचं काळं अंजन शिशाच्या खनिजाचं, पाट्यावर वाटलेलं. हिरवं मॅलाकाइट या तांब्याच्या खनिजाचं. तो सुरमा झाला.

वऱ्हाडी ठेचा: सुरमा म्हटलं की हिरवा रंग कुणाला सुचेल? 'अंजन' बरं. माझी आजी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून काजळ पाडायची, आणि तरी म्हणायची 'अंजन घाल'. दोन्ही एकच होतं तिला.

अमरकोश: एक नव्हे. अंजन हे औषध, काजळ हा शृंगार.

पहाटतारा: त्यांचंही औषधच होतं. त्या अंजनात मुद्दाम तयार केलेले शिशाचे क्षार सापडले आहेत, डोळ्यांच्या विकारांवरचे.

लेखणी: अंजन घेते. चुण्या, दशाही घेते. पण ताग की लिनन? शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

काठपदर: आधी सांगा, बाह्या वेगळ्या जोडल्या आहेत की अखंड कापडाच्या? त्यावर अंगरखा म्हणायचं की बंडी ते ठरेल.