मदत हवी आहे: अपक्ष उमेदवाराचं परिचयपत्रक (जिल्हा परिषद, बीड)

मंडळी, नमस्कार.

माझी काकू आमच्या गटातून, म्हणजे मतदारसंघातून, जिल्हा परिषदेला अपक्ष उभी राहणार आहे. गट महिला राखीव सुटला आणि बचत गटाच्या बायकांनीच तिचं नाव पुढे केलं. पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण पुण्यात कॉम्प्युटरवर बसणारा घरात मी एकटा. निवडणूक अजून लागलेली नाही, पण लागली की दिवस थोडे मिळतात आणि अपक्षाला चिन्ह तर अगदी शेवटी मिळतं. म्हणून आत्ताच विचारतोय.

आधी थोडं तिच्याबद्दल. आमचा भाग ऊसतोडीचा. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, त्यामुळे नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, जातोच, आणि मागे कोणी नसेल तर लेकरंही बरोबर जातात. काकू शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती तेव्हा तिने शाळेतलं हंगामी वसतिगृह नेटाने चालवलं. लेकरं गावातच राहायची, दुपारी शाळेची खिचडी, सकाळ-संध्याकाळ वसतिगृहाचं जेवण. वरून पैसे उशिरा यायचे, तेव्हा किराणा तिच्या शब्दावर उधार यायचा.

तिची एक शंभरपानी वही आहे. एका बाजूला लेकराचं नाव, समोर आईबाप कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत ते, मुकादमाचा फोन आणि शेवटच्या रकान्यात "बोलणं झालं" अशी खूण. संध्याकाळी ती एकेकाला फोन लावून द्यायची. कोणाचा ताप, कोणाचं रडणं, सगळं त्या वहीत आहे. मला विचाराल तर हेच तिचं परिचयपत्रक. पण वही वाटता येत नाही.

आता अडचणी.

ती म्हणते, "म्या केलं, म्या केलं असं लिहू नगंस. स्वयंपाक बायांनी केला, शिकवलं गुरुजींनी." मग लिहू काय? "कार्यसम्राट", "विकासाचा ध्यास घेतलेलं नेतृत्व" हे छापलं तर तीच पत्रकं चुलीत घालील.

दुसरं, तिला ओळखतात ती चार-पाच गावं. गट केवढा मोठा! शिवाय आमच्याकडे झेडपीची शेवटची निवडणूक २०१७ला झाली, २०२२ला मुदत संपली आणि प्रशासक बसले. पंचविशीच्या आतल्या पोरांनी झेडपीला कधी मतच दिलेलं नाही. सदस्य काय करतो हेच त्यांना ठाऊक नाही.

आणि तिसरं, मतदान हंगामात आलं तर तिचे खरे मतदार फडात, तिकडे उसाच्या शेतात, असतील. त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं?

प्रतिसाद

काकूंचं म्हणणं बरोबर आहे आणि ते तुमच्या फायद्याचंही आहे. "मी" काढा, नुसतं काय घडलं ते लिहा. "आपल्या शाळेत वसतिगृह चाललं. लेकरं टोळीबरोबर गेली नाहीत." कर्ता लोक आपोआप शोधतात.

अनोळखी गावांसाठी मात्र वसतिगृह पुरणार नाही. तिथला माणूस विचारणार, आमच्यासाठी काय? म्हणून अर्धं पत्रक झेडपीच्या कामावर द्या. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गावची पाणी योजना, हे सगळं झेडपीकडे येतं. प्रत्येक गावातला एक अडकलेला विषय काकूंनी स्वतः जाऊन विचारावा आणि त्या गावच्या पत्रकात तोच छापावा. वरचा मजकूर सारखा, खालच्या चार ओळी गावागणिक वेगळ्या. खर्च थोडा वाढेल, पण नाव गावाचं दिसलं की लोक पत्रक घडी करून खिशात ठेवतात. आमदारकीची आश्वासनं मात्र देऊ नका. रेल्वे आणते म्हणणारे झेडपीचे उमेदवार आम्ही पाहिलेत.

प्रतिसाद

पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकायला विसरू नका. छपाईचं बिल जपा, खर्चाच्या हिशोबात द्यावं लागतं. वसतिगृहातल्या लेकरांचे फोटो बिलकुल नकोत, आणि ती वही कुणाच्या हातात देऊ नका. त्यात लोकांच्या घरच्या गोष्टी आहेत.

टोळ्यांचं म्हणाल तर दिवाळीआधीच भेटा. एकदा गाड्या भरल्या की माणूस सापडत नाही. नंतर काकूंच्या आवाजात मिनिटभराचा निरोप रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवा. पत्रक वाचायला फडात कोणाला वेळ आहे? कोपीवर, म्हणजे झोपडीपाशी, रात्री भाकरी थापताना ऐकतील. एखादा मुकादम येऊन "अख्खी टोळी तुमची, गाडीचं तेवढं बघा" म्हणेल. हात जोडून वाटेला लावा. उमेदवाराने मतदार गाडीत घालून केंद्रावर आणणं कायद्यात बसत नाही, आणि तोच मुकादम दुसऱ्या उमेदवाराकडेही जाऊन आलेला असतो.

धागाकर्ता

खूप आभार. गावागणिक चार ओळींची कल्पना काकूला फोनवर सांगितली, लगेच पटली. ती बचत गटाच्या बायकांना घेऊन गावं फिरायला सुरुवात करतेय. सुरुवातीचा मजकूर असा केलाय:

"राम राम. आपल्या शाळेत हंगामी वसतिगृह चाललं, ते गावच्या बायकांनी आणि गुरुजींनी मिळून चालवलं. मी त्यांच्यातलीच एक. तुमच्या गावच्या शाळेचं, दवाखान्याचं, पाण्याचं गाऱ्हाणं जिल्हा परिषदेत मांडायला मला पाठवा. बैठकीत काय झालं ते दर खेपेला गावात येऊन सांगेन."

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं आहे.

एक नाजूक प्रश्न राहिला. काका विचारतायत, "माझा फोटो कुठं घेतलास?" आमच्याकडे महिला राखीव गटात नवऱ्याचा फोटो बायकोपेक्षा मोठा असायची पद्धतच पडलीय. काकू काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघते.

प्रतिसाद

फोटो एकच, काकूंचा. काकांना मतदान प्रतिनिधी नेमा. बूथवर दिवसभर न हलता बसणारा घरचा माणूस लागतोच, आणि गळ्यात पासही मिळतो.