मदत हवी: मनगट दोनदा बसवलं, दुसरा क्लेम नाकारला – २५६७५ चं काय करावं?

मंडळी नमस्कार,

अमेरिकेतले ऑर्थोपेडिक क्लेम (विमा कंपनीला पाठवायची बिलं) कोड करणारं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. एका केसवरून आमच्या टीममध्ये तीन मतं पडली आहेत आणि तिकडे पेशंट बाई हवालदिल झाल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

बाई हातावर पडल्या, डाव्या मनगटाला मार. इमर्जन्सीत एक्स-रे काढला तर अल्नाचं (हातातल्या करंगळीकडच्या हाडाचं) खालचं टोक मागच्या बाजूला निखळलेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांधा ओढून बसवला, स्प्लिंट घातलं आणि ऑर्थोकडे जायला सांगून घरी सोडलं. त्यांचा क्लेम सीपीटी (उपचारांचे कोड) मधल्या २५६७५ चा, म्हणजे डिस्टल रेडिओअल्नर सांधा (मनगटाजवळ रेडियस आणि अल्ना ही हाडं जुळतात तो) न उघडता हाताने बसवणे. मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) फक्त एलटी, म्हणजे डावी बाजू.

तिसऱ्या दिवशी बाई आमच्या डॉक्टरांकडे आल्या. हा ग्रुप वेगळा, टॅक्स आयडी वेगळा. नव्या एक्स-रेत सांधा पुन्हा सरकलेला दिसला. डॉक्टरांनी ब्लॉक (त्या भागापुरती भूल) देऊन तो परत बसवला आणि तळहात वर येईल असा हात फिरवून, कोपराच्या वरपर्यंत फायबरग्लासचं प्लास्टर घातलं. आम्ही त्या दिवशीची व्हिजिट मॉडिफायर ५७ (प्रोसिजरचा निर्णय याच भेटीत झाला) लावून आणि सोबत २५६७५-एलटी पाठवला. पेअरने (विमा कंपनीने) २५६७५ सीओ-९७ या कारणाखाली नाकारला: आधी मंजूर झालेल्या सेवेतच हे धरलेलं आहे म्हणे.

आता अडचणी. एकीचं म्हणणं, आमचे डॉक्टर दुसरे, म्हणून मॉडिफायर ५५ (फक्त नंतरची देखभाल) लावायला हवा होता. सीनिअर म्हणतात की आयसीडीत (निदानाच्या कोडमध्ये) सातवं अक्षर 'डी' हवं, कारण पहिला उपचार इमर्जन्सीत झाला. मला दोन्ही पटत नाही, पण ठामपणे खोडून काढता येईना. त्यात नोटमधलं वाक्य असं आहे: "लेफ्ट डीआरयूजे सबलक्स्ड. क्लोज्ड रिडक्शन ऑफ डिसलोकेशन अंडर ब्लॉक. स्टेबल इन सुपिनेशन." डीआरयूजे म्हणजे तोच डिस्टल रेडिओअल्नर सांधा. सबलक्सेशन (अर्धवट सरकणं) धरलं तर एस६३.०१२ए, डिसलोकेशन (पूर्ण निखळणं) धरलं तर एस६३.०१५ए. एकाच नोटेत दोन्ही शब्द!

आणि बाई. त्यांच्या इन्शुरन्सच्या कागदावर दोन ओळींपुढे 'सर्जरी' छापून आलंय. त्या सारखं विचारतात, "मला टाकासुद्धा पडला नाही, मग दोन ऑपरेशनं कुठली?" सीपीटीत २५६७५ सर्जरीच्या भागात येतो म्हणून तसं छापतात, हे मी समजावलं. पण क्लेम अडकलेला असताना त्यांना निर्धास्त राहा कसं सांगू?

– मेघना

रानवारा
मेघनाताई, आधी सातवं अक्षर. 'ए' चा अर्थ पहिली भेट असा नाहीच. सक्रिय उपचार चालू असेपर्यंत 'ए', डॉक्टर बदलले तरी. तुमच्या डॉक्टरांनी सांधा बसवलाय, याहून सक्रिय उपचार काय असणार? प्लास्टर तपासणं, बदलणं, काढणं अशा पुढच्या भेटींना 'डी'. सीनिअरना आयसीडी-१०-सीएमच्या गाइडलाइन्समधला इजांचा भाग उघडून दाखवा, तिथे स्पष्ट लिहिलंय.

गणिती
५५ नको. नुसती पुढची देखभाल तुमच्याकडे आली असती आणि तसं दोन्ही डॉक्टरांमध्ये ठरलेलं असतं, तर ५५. इथे डॉक्टरांनी स्वतः मॅनिप्युलेशन केलंय, तेव्हा तो पूर्ण २५६७५ च आहे. तीच प्रोसिजर दुसऱ्या डॉक्टरने परत केली, म्हणून ७७. त्याच डॉक्टरने परत केली असती तर ७६. करेक्टेड क्लेम २५६७५-७७-एलटी असा पाठवा.

खरी गोची इमर्जन्सीच्या क्लेममध्ये आहे. या कोडचा ग्लोबल, म्हणजे त्याच पैशात धरलेल्या देखभालीचा काळ, ९० दिवसांचा. फक्त सांधा बसवून पेशंट दुसरीकडे सोपवला तर ५४ लावायचा असतो. तो नसल्यामुळे पेअरच्या लेखी पुढचे ९० दिवसही त्यांच्याच खात्यात गेले, आणि पाठोपाठ तोच कोड तुमच्याकडून आला. ग्लोबल त्या डॉक्टरला आणि त्याच्या ग्रुपमधल्या त्याच स्पेशालिटीच्या डॉक्टरांना बांधून असतो, तुम्हाला नाही. अपील लिहायची वेळ आली तर हेच पहिल्या परिच्छेदात लिहा. त्यांचा क्लेम तुम्ही दुरुस्त करू शकत नाही, पण त्यांच्या बिलिंगला फोन जरूर करा.

मेघना
गणिती, मनापासून आभार. एक शंका: सांधा जागेवरच असता आणि डॉक्टरांनी फक्त प्लास्टर घातलं असतं, तर?

गणिती
तर २५६७५ लावताच आला नसता. मनगटाच्या डिसलोकेशनचे क्लोज्ड ट्रीटमेंटचे कोड बघा: रेडिओकार्पल किंवा इंटरकार्पलला २५६६०, डिस्टल रेडिओअल्नरला २५६७५, ल्युनेटला २५६९०, ट्रान्सस्कॅफोपेरिल्युनरला २५६८०. सगळ्यांच्या वर्णनात 'विथ मॅनिप्युलेशन' आहे. फ्रॅक्चरसारखा 'विदाउट'चा वेगळा कोड इथे मिळत नाही. मग व्हिजिट आणि लाँग आर्म प्लास्टरचा २९०६५ एवढंच. तुमच्या केसमध्ये उलट: पहिलं प्लास्टर २५६७५ मध्ये धरलेलं, २९०६५ वेगळा लावू नका. सामानाचा कोड, फायबरग्लासला क्यू४००६, वेगळा बघा. पुढे प्लास्टर बदललं तर तेव्हाचा २९०६५ वेगळा लावता येतो.

अबोली
नोटेबद्दल लिहिते, कारण मला तीच सगळ्यात कच्ची बाजू वाटते. २५६७५ च्या वर्णनात डिसलोकेशन आहे. तुम्ही एस६३.०१२ए पाठवलात तर पेअरचा रिव्ह्यूअर त्यावरच बोट ठेवेल. म्हणून एस६३.०१५ए आपल्या मनाने निवडायचा, असंही नाही. डॉक्टरांना लेखी क्वेरी पाठवा. "डिसलोकेशन लिहू का?" असं विचारू नका, ते उत्तर सुचवणं झालं. "नोटमध्ये सबलक्स्ड आणि डिसलोकेशन असे दोन्ही उल्लेख आहेत, मॅनिप्युलेशनआधीची स्थिती कृपया स्पष्ट करावी" एवढंच. उत्तर तारखेसह अ‍ॅडेंडम (पुरवणी) म्हणून नोटला जोडलेलं हवं. आणखी एक, अल्नाच्या खालच्या टोकाला एस६३.०७ असा वेगळा गट आहे. वाक्यात डीआरयूजे आहे म्हणून तुम्ही एस६३.०१ मध्ये आहात, पण अ‍ॅडेंडममध्ये नुसतं 'डिस्टल अल्ना' आलं तर पुन्हा घोळ. सांध्याचं नाव तेच राहील असं बघा.

रेडियसच्या मधल्या भागाचं फ्रॅक्चर नव्हतं ना? ते असेल तर गॅलिआझी (ते फ्रॅक्चर आणि हे डिसलोकेशन एकत्र), आणि मग दोन्हीला मिळून २५५२०.

मेघना
नाही अबोलीताई, रेडियस शाबूत आहे, दोन्ही एक्स-रे रिपोर्ट पाहिले. क्वेरी आजच पाठवते.

रानवारा
बाईंना एक गोष्ट नक्की सांगा. डिनायल सीओ (करारानुसार डॉक्टरने सोडायची रक्कम) गटात आहे, पीआर (पेशंटने भरायची रक्कम) गटात नाही. म्हणजे डॉक्टर नेटवर्कमध्ये असतील तर ती रक्कम त्यांच्याकडून मागता येत नाही. मात्र करेक्टेड क्लेम मंजूर झाल्यावर डिडक्टिबल किंवा को-इन्शुरन्स त्यांच्या वाट्याला येऊ शकतो, तेही आत्ताच सांगून ठेवा. तोवर त्या खात्यावर होल्ड टाका, नाहीतर सिस्टिम आपोआप स्टेटमेंट पाठवत राहते आणि त्या पुन्हा घाबरतात.

मेघना
होल्ड टाकला. डॉक्टर नेटवर्कमधले आहेत, तसं बाईंना फोनवर सांगितलं, डिडक्टिबलचंही सांगितलं. इमर्जन्सीच्या बिलिंगने ५४ चं तपासतो म्हटलंय. अ‍ॅडेंडम आलं की फ्रिक्वेन्सी कोड ७ (आधीच्या क्लेमच्या जागी हा) टाकून, दोन्ही एक्स-रे रिपोर्ट जोडून क्लेम पाठवते आणि पेअरचं उत्तर इथेच लिहिते.