लायसन्स संपल्यावर लेआउट उघडायचा कसा?

दांडियाबाजार: नमस्कार. बडोद्यात एम.ई. करतोय. कॉलेजच्या लॅबमधल्या कमर्शियल चिप-डिझाइन टूलवर १८० नॅनोमीटर प्रक्रियेतल्या ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणारं सर्किट) लेआउट, म्हणजे चिपवरच्या थरांचा नकाशा, काढलाय. पुढच्या वर्षी लायसन्स असेल याची खात्री नाही. डेटाबेस ओपनअ‍ॅक्सेस फॉरमॅटचा आहे, म्हणजे पुढच्या बॅचला तो केलेआउट या मोफत टूलमध्ये सरळ उघडता येईल ना? सर म्हणतात, जीडीएस (लेआउटच्या आकृत्यांची फाइल) काढून ठेव, पुरे.

मेटलताई: सरळ उघडणार नाही रे. ओपनअ‍ॅक्सेसचं मूळ केडन्स कंपनीचं, आता एसआय-टू ही संस्था ते सांभाळते. पण ते वाचायला त्यांची लायब्ररी टूलमध्ये जोडलेली लागते, आणि केलेआउटमध्ये ती नाही.

खरी अडचण पीसेलची, म्हणजे पॅरामीटरवरून आकार ठरणाऱ्या सेलची. तुझा ट्रान्झिस्टर त्यात तयार आकृती म्हणून साठवलेला नसतो. रुंदी, लांबी, फिंगर (ट्रान्झिस्टरचे समांतर तुकडे) किती, एवढे पॅरामीटर असतात. आकार स्किल भाषेतला कोड काढतो. तो कोड चालवणारं टूल नसलं, तर डेटाबेस वाचता येऊनही ट्रान्झिस्टरच्या जागी काहीच दिसत नाही. मी लेआउटचंच काम करते, आणि फॉरमॅट खुला आहे म्हणून सांगणारे नेमकं हेच गाळतात याचा मला फार राग येतो.

सरांचं अर्धं बरोबर आहे. जीडीएस १९७० च्या दशकातला, कॅल्मा कंपनीचा; आजही सगळी टूल्स वाचतात. पण त्यात आकृत्या, लेयरचे आकडे आणि सेलची उतरंड एवढंच येतं. डिव्हाइसचे पॅरामीटर जातात, नेटची, म्हणजे सर्किटमधल्या तारांची, जोडणीही जाते. आणि लेयर मॅप (कोणता आकडा कोणत्या थराचा, ती यादी) नसेल तर आकड्यांवरून काय कळणार? स्काय१३० या खुल्या पीडीकेत (पीडीके म्हणजे फाउंड्रीचं, चिप बनवणाऱ्या कारखान्याचं, डिझाइन किट) ६८/२० म्हणजे मेटल १, तुझ्या पीडीकेत कदाचित भलतंच. म्हणून लेयर मॅप, सीडीएल नेटलिस्ट (कोणता भाग कशाला जोडलाय, ती टेक्स्ट यादी), स्पाइस सिम्युलेटरमधले टेस्टबेंच (चाचणीची सर्किट्स), स्कीमॅटिकची म्हणजे सर्किटच्या आकृतीची पीडीएफ आणि पीडीकेची आवृत्ती, सगळं सोबत ठेव.

दांडियाबाजार: धन्यवाद ताई! गिटहबवर टाकू का? पीडीके एनडीएखाली (गुप्ततेच्या करारावर) मिळालंय.

मेटलताई: अजिबात नको! फाउंड्रीचे सेल जीडीएसमध्ये येतात. लॅबच्याच सर्व्हरवर ठेव.

अलकापुरी_एनालॉग: पुढच्या बॅचने स्काय१३० वरच सुरुवात करावी. गूगल आणि स्कायवॉटरने २०२० मध्ये ते अपाची लायसन्सवर खुलं केलं. मॅजिक या खुल्या लेआउट टूलची फाइल तर साधी टेक्स्ट असते, गिटमध्ये कुणी काय बदललं ते ओळीनिशी दिसतं. फक्त तुझा ऑप-अँप तसाच उचलून चालणार नाही, डिव्हाइसेसचे आकार नव्याने ठरवावे लागतील.

मेटलताई: बरोबर. आणि लायसन्स चालू आहे तोवरच जीडीएस दुसऱ्या मशीनवर केलेआउटमध्ये उघडून बघ. काही राहिलं असेल तर आत्ताच पुन्हा काढता येईल.