मदत हवी आहे: गुडघे बदललेल्या आईला पावसाळ्यातला दूधसागर कसा दाखवू?

नमस्कार मंडळी,

आई ७१ वर्षांची, बेळगावला असते. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही गुडघे बदलले. घरात, अंगणात छान फिरते, पण दगडधोंड्यांची वाट तिला झेपणार नाही. तिची एकच इच्छा आहे, दूधसागर बघायचा, आणि तोही भर पावसातला.

आजोबा मीटरगेजच्या (जुन्या, कमी रुंदीच्या रुळांच्या) काळात घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉक स्टेशनला गँगमन होते. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन रुळांवर गस्त घालायची, दरड आली का, झाड आडवं पडलं का ते बघायचं. आई तिथल्या रेल्वेच्या चाळीत वाढली. चुलीवर दोरी बांधून त्यांचे ओले खाकी कपडे वाळत घातलेले असायचे, तो वास तिला अजून आठवतो. पुलापाशी पाण्याच्या आवाजात येणारी गाडीसुद्धा ऐकू येत नाही, असं आजोबा सांगायचे. तो आवाज तिला ऐकायचाय. लग्नानंतर तिचं त्या बाजूला जाणंच झालं नाही.

मी शोधलं ते असं. घाटाच्या पायथ्याच्या कुळेहून वनखात्याच्या हद्दीतून जीप जाते, पण पावसाळ्यात ती बंद असते, साधारण ऑक्टोबरात सुरू होते. सुरू असली तरी वाटेत ओढे, भरपूर हादरे, आणि शेवटी दगडांवरून चालणं. म्हणजे आईसाठी तो मार्ग नाहीच. रुळांवरून चालत जाण्यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जुलै २०२३ मध्ये तसं जाणाऱ्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या.

उरली रेल्वे. बेळगावहून गोव्याकडे जाणारी गोवा एक्सप्रेस घाट उतरते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. मग काय करू? खिडकी कोणत्या बाजूची घेऊ? एसी डब्यातून दिसेल का? आणि ऑगस्ट बरा की सप्टेंबर?

प्रतिसाद १

उलटं करा. आईंना कारने मडगावला न्या, एक रात्र मुक्काम करा आणि गोवा एक्सप्रेसनेच परत या. ती दुपारी तीनच्या सुमाराला वास्कोहून सुटते, म्हणजे घाटात उजेड असतो. तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची वेळ मात्र तपासा. कुळेला मागून जादा इंजिनं लागतात, कारण चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटरमागे १ मीटर वर. त्यामुळे गाडी हळूहळू चढते आणि बघायला वेळ मिळतो. एसी नको. काच बंद, वर पावसाने धुरकटलेली, आणि आवाज तर आत येणारच नाही. स्लीपरची खिडकीची जागा घ्या, आईंना रेनकोट द्या. पण दारात उभं राहू देऊ नका, तिथे सगळं ओलं असतं.

प्रतिसाद २

बाजूची फार काळजी करू नका. धबधबा दोनदा भेटतो. एकदा वळणावरून दरीपलीकडे ३१० मीटरचा सगळा पांढरा पडदा आणि मधोमध रेल्वेचा पूल, आणि एकदा त्याच पुलावरून जाताना अगदी अंगावर. समोरच्या बाकावरच्या माणसाला आईंची गोष्ट सांगा, जागा नक्की देईल. मी सप्टेंबरच सुचवेन. जुलै-ऑगस्टात धुकं असलं की पुलापलीकडचंही दिसत नाही, शिवाय दरडींची भीती. जुलै २०२१ मध्ये याच घाटात दरडीमुळे गाडी रुळांवरून घसरली होती.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. उलटं येण्याचं मला खरंच सुचलं नव्हतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली स्लीपरची तिकिटं बघतोय, दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिळाल्या तर उत्तमच. आत्ताच आईला फोन केला. धबधब्याबद्दल तिने काहीच विचारलं नाही. म्हणाली, "कॅसल रॉकला गाडी थांबते ना रे? किती वेळ?" मागची इंजिनं सोडायला थांबते एवढं मी तिला सांगितलंय. तेवढ्या वेळात तिला फलाटावर उतरवून परत चढवता येईल का? अलीकडे कोणी त्या गाडीने आलं असेल तर एवढं जरूर सांगा.