माजी सैनिक काकांसाठी कुत्री तयार करतोय, फटाक्यांच्या भीतीबाबत मदत हवी आहे

भुसावळच्या एका माजी सैनिक काकांना निवाऱ्यातली देशी कुत्री सोबतीला द्यायची आहे. वय अंदाजे 3 वर्षं, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. काका रात्री दचकून उठले की गुडघ्यावर हनुवटी टेकवायची, हे ती छान शिकलीय. पण लग्नाच्या वरातीत सुतळी बॉम्ब वाजला की थरथरत खाटेखाली शिरते, आणि तिला पाहून काकाही अस्वस्थ होतात.

फटाक्यांचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावून सोबत उकडलेलं चिकन देतोय. मोबाईलला सरावली, खऱ्या बाराला नाही. स्पीकरमधून धमाक्याचा हादरा येतच नाही, हे कारण असावं. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच देणार. उन्हामुळे सराव पहाटेच होतो.

स्पीकर आणि खरा बार यांच्यामधला टप्पा कसा घ्यावा? आणि तिला दिवाळीआधी काकांकडे पाठवावं की नंतर?